रक्ताचा कर्करोग आणि घरचा खर्च
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत गतकालाचा गौरव करावा, ही रूढीच आहे. आणि तो गौरव आमच्याहून योग्य अशा वक्त्यांनीं आपल्यापुढें केलाच आहे. आम्हांस बोलावयाचें आहे तें ज्या घरांत रक्ताचा कर्करोग शिरला आहे, त्या घराविषयीं. विषय उत्सवास शोभणारा नाहीं, असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस सुचविलें. तथापि अशा घरांतील माणसें आज या मंडपांत आपल्याच शेजारीं बसलीं आहेत, हें ध्यानांत घेऊन आपण आम्हांस क्षमा कराल अशी आशा आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडेंसें. आपल्या हाडांच्या आंतील मगजांत रक्त तयार होतें. तेथेंच बिघाड होऊन सदोष पेशी बेसुमार वाढतात व चांगल्या रक्तास जागा उरत नाहीं. मग अशक्तपणा, वरचेवर येणारा ताप, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, अशीं लक्षणें दिसूं लागतात. कधीं हा रोग कांहीं आठवड्यांतच उग्र रूप घेतो, तर कधीं वर्षानुवर्षें संथपणें चालतो. तो संसर्गानें होत नाहीं. रुग्णाच्या ताटांत जेवल्यानें वा त्याच्या अंथरुणास शिवल्यानें कोणासहि जडत नाहीं. इतकें स्पष्ट सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या पाहण्यांतील एका घरीं आप्तांनींच रुग्णाचें पाण्याचें भांडें वेगळें ठेविलें होतें. लहान मुलांस बहुधा जो प्रकार होतो, त्यांत वेळेवर व पुरा उपचार झाल्यास बहुसंख्य मुलें बरीं होतात. मात्र तो उपचार दोन-अडीच वर्षें चालतो, आणि मध्येंच सोडला तर केलेलें बहुतेक वायां जातें. अडीच वर्षें हा काळ आपण लक्षांत ठेवावा. आम्हांस पुढें त्याचाच हिशेब मांडावयाचा आहे.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं याच व्याधीनें विलायतेंत निवर्तल्या. पैशानें मिळण्यासारखें जें होतें तें त्यांस मिळालेंच असणार. परंतु त्या काळीं रोग हटविणारें औषधच नव्हतें. दुसऱ्याच वर्षीं सर दोराबजींनीं पत्नीच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठीं निधि स्थापन केला, आणि त्यांच्या विश्वस्त निधींतून पुढें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळचें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. आज वऱ्हाडांतील शेतमजूर पोराला कडेवर घेऊन ज्या दारांत उभा राहतो, तें दार त्या शोकांतून उघडलें आहे. तेव्हां पैसा होता आणि औषध नव्हतें. आतां औषध आहे.

त्या औषधाची एक कथा सांगण्यासारखी आहे. संथ चालणाऱ्या एका प्रकारावर इमॅटिनिब नांवाची गोळी २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. रोज गोळी घ्यावी व आपल्या कामाधंद्यास लागावें, असें त्यापूर्वीं या रुग्णांस स्वप्नांतहि वाटलें नसतें. परंतु स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस कंपनीची ती गोळी महिन्यास सुमारें १,२०,००० रुपयांस पडे. येथील कारखान्यांनीं केलेली तीच गोळी आठ-दहा हजारांस मिळे. कंपनीनें येथें पेटंट मागितलें. त्यास मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेनें हरकत घेतली. जिचें नित्याचें काम गरीब रुग्णांस औषध व धीर देण्याचें, ती संस्था कायद्याच्या रणांगणांत उतरली. जानेवारी २००६ मध्यें चेन्नईच्या पेटंट कचेरीनें मागणी नाकारली, वाद वर गेला, आणि १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनीचें अपील फेटाळलें. कंपनी पुष्कळ रुग्णांस गोळी विनामूल्य देत असे, हें न सांगणें अन्यायाचें होईल. पण कोणाच्या औदार्यावर जगणें आणि आपल्या ऐपतींतल्या किमतीस औषध विकत घेऊन जगणें, यांत आम्हांस मोठें अंतर वाटतें. दानधर्म करणाऱ्या आपणांसारख्यांनीं तें अंतर विसरूं नये.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. राज्य सरकारची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. तेव्हां ती राजीव गांधींच्या नांवानें चाले. २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते. आरंभीं कुटुंबामागें वर्षास दीड लक्ष रुपयांची मर्यादा होती. २०२३ सालीं ती पांच लक्ष करण्याचा व पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट सैल करून सर्व कुटुंबांस योजना खुली करण्याचा निर्णय झाला. याखेरीज मुख्यमंत्री सहायता निधि आहे. धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धनांस फुकट व आणखी दहा टक्के दुर्बलांस सवलतीनें द्याव्या असा दंडक आहे. उपचारासाठीं जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वे शयनयानांत भाडें माफ करते व सोबत्यास तीन-चतुर्थांश भाडें सोडते.

मग घरें बुडतात कशानें?

दर्यापूरकडील एक कुटुंब आम्हीं जवळून पाहिलें. सात वर्षांचा मुलगा तापानें फणफणला. पहिल्या वीस दिवसांत, एका खाजगी ठिकाणीं, बैलजोडी व आईच्या अंगावरचें किडुकमिडुक संपलें. योजनेचें नांव कोणी काढलें तें त्यानंतर. आणि तेव्हां आढळलें कीं शिधापत्रिकेवर मुलाचें नांवच चढलेलें नाहीं. नांव चढलें, कागद झाला, उपचारहि फुकट झाला. परंतु मुंबईस बाप-लेकांची जोडी अंबा एक्सप्रेसनें किती वेळां गेली याची गणतीच नाहीं. बाप बरोबर गेला म्हणजे मजुरी बुडाली. परळास राहणें, उकळलेलें पाणी, ताजें अन्न, बाहेर कराव्या लागणाऱ्या तपासण्या, हें कोणत्याहि योजनेच्या यादींत पुरतें बसत नाहीं. मागें घरीं राहिलेल्या बहिणीची शाळा सुटली. मुलगा आज धडधाकट आहे व वर्गांत पहिल्या बांकावर बसतो. बाप मात्र आतां दुसऱ्याच्या वावरांत राबतो.

आपल्या भूमीस हें दुःख अपरिचित नाहीं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ सालीं कर्करोगानेंच गेले, व नागपूरचें एक कर्करोग रुग्णालय त्यांच्या नांवानें चालतें. अंजनगांव सुर्जी तालुक्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नांवाची दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयाच्या रुग्णांस आसरा देते. बाबांना औषध देतां येत नव्हतें, पण परगांवीं आलेल्या दुखणाइताला प्रथम पाठ टेकावयास जागा लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें. २००६ पासून मुंबईंत सेंट ज्यूड यांच्या नांवानें एक संस्था कर्करुग्ण बालकांस आईबापांसह विनामूल्य ठेवून घेते. सर्व आशा खुंटल्यावर ज्या संताचा आपण धांवा करतों, त्याचें नांव तिनें घेतलें. आम्हांस तें फार समर्पक वाटतें, कारण बाळाच्या आईस त्या शहरांत सर्वांत आधीं खोलीच हवी असते.

म्हणून आमचें मागणें असें आहे. ज्युबिलीच्या शिलकेंतून एखाद्या कुटुंबास एकरकमी थैली देऊन छायाचित्र काढूं नये. थैली पहिल्या दोन महिन्यांत संपते आणि उपचाराचे अठ्ठावीस महिने उरतात. त्याऐवजीं महिन्यास २,००० रुपये, तीस महिने, न चुकतां द्यावे. ही रक्कम ६०,००० होते, आणि ती आपल्या आवांक्याबाहेरची नाहीं. रोगाची वार्ता कळतांच, त्याच आठवड्यांत, दोघां जाणत्यांनीं त्या घरीं जाऊन शिधापत्रिका व आधारपत्रावरचीं नांवें तपासावीं. बैल विकण्याच्या आधीं हें झालें पाहिजे. नंतर झालें तर त्याचा निम्मा उपयोग उरत नाहीं.

रक्ताविषयीं एकच सांगतों. या रुग्णांस रक्ताप्रमाणेंच त्यांतील प्लेटलेट्स वारंवार लागतात, आणि त्या काढल्यावर सुमारें पांचच दिवस टिकतात. तेव्हां उत्सवाच्या एका दिवशीं शंभर जणांनीं रांग लावण्यापेक्षां वर्षभर बोलावतांच येणारे वीस जण अधिक उपयोगी. निरोगी पुरुषास तीन महिन्यांनीं व स्त्रीस चार महिन्यांनीं पुन्हां रक्त देतां येतें.

मंडपाच्या दाराशीं दोन वह्या ठेविल्या आहेत. एकींत रक्तगट व नांव लिहावयाचें आहे. दुसरींत महिन्याची रक्कम, मग ती पन्नास रुपये कां असेना. पहिल्या वहीचें पहिलें पान त्या दर्यापूरच्या बापानें आज सकाळींच भरलें आहे.