लग्नगड्याची बायको
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला कामाचा अहवाल द्यायला सांगितलं होतं. तो तुम्हाला छापील मिळेलच. मी आज एका फॉर्मबद्दल बोलणार आहे. तो मीच तयार केला होता, म्हणून मीच बोललेलं बरं.

डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर आम्ही घरोघर माहिती भरत होतो. कुटुंबप्रमुख, पत्नी, विवाहित की अविवाहित, व्यवसाय असे रकाने. एका आजीच्या नावापुढे मी लिहिलं, 'व्यवसाय : नाही'. त्या वेळी ती कुडाच्या भिंतीला शेण सारवत होती! हात धुऊन तिने मला कोरा चहा दिला आणि काय लिहिलंस ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. ती रागावली नाही. "माझ्या आईचं कुणी एवढंपण लिहलं नाय," म्हणाली.

मग मी फॉर्म बाजूला ठेवला.

तलवाड्याला गोळीबार झाला तेव्हा आजी आईच्या कडेवर होती. म्हणजे ऑक्टोबर १९४५. तिचे वडील लग्नगडी. तरुण बहिणींना हा शब्द ठाऊक नसेल. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून पैसे काढायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. ते फिटत नसत. कर्ज नवऱ्याच्या नावावर, पण राबायला दोघं. इंग्रज सरकारचे अधिकारी सायमिंग्टन यांनी १९३९ च्या सुमारास आपल्या अहवालात या गुलामीची नोंद केली. मालक या मजुरांच्या बायकांवर आपला हक्क समजत, हेही त्यांनी लपवलं नाही. पुढे गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं लिहिलं. त्या कम्युनिस्ट होत्या, हे इथे काहींना खटकेल. पण त्या पाड्यांवर राहिल्या, बायकांशी बोलल्या. त्या काळी आपल्यापैकी किती जण बोलले?

अहवालात 'मजुरांच्या बायका' एवढंच असतं. आजीच्या आठवणीत मात्र एकच बाई आहे. गवत कापून, भारे डोक्यावर वाहून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. नवऱ्याला रात्री मालकाच्या खळ्यावर राखणीला धाडलं, की ती पोरांना जवळ घेऊन दाराला पाठ लावून झोपायची. का, ते आजीला लहानपणी कळलं नाही. स्वतःचं लग्न झाल्यावर कळलं. हे सांगताना ती थांबली, आणि मीही पुढे काही विचारलं नाही.

तिची आई रडकी मात्र नव्हती, हे आजीने मला दोनदा बजावलं. पाड्यावर लग्न निघालं की चौक लिहायला तिला बोलावणं यायचं. तांदळाच्या पिठाचा पांढरा चौक, मध्ये पालघट देवी. तो सवाशिणी लिहितात, आणि लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. आपल्याकडे अजून कित्येक मंडळ्यांत बाईला वेदीपाशी उभं राहू देत नाहीत, ते जाऊ द्या. १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. पण त्याआधी भिंतींवर लिहिणाऱ्या बायकांची नावं कुणाकडे आहेत? पुढच्या सारवणात चौक गेला, त्याबरोबर हातही विसरले गेले.

आता माझी चूक सांगते. कर्ज नको म्हणून कितीतरी जोडपी लग्नविधीशिवाय एकत्र राहत. पैसे जमले की लग्न. कधी आईबापांचं आणि मुलाचं एकाच मांडवात. माझ्या फॉर्मवर अशी एक बाई 'अविवाहित, मुलं चार' अशी नोंदली गेली. तेवढ्यावरून त्या नवरा-बायकोचा बाप्तिस्मा वर्षभर लांबला. निर्णय मंडळीचा होता, पण कागद माझा होता. त्यांनी लग्न का केलं नव्हतं, हे मी विचारलंच नव्हतं. लग्नगडी व्हायचं नाही, असं त्या बाईच्या सासूने आपल्या मुलांना बजावून ठेवलं होतं. हे मला फार उशिरा समजलं.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबी, पर्सिस यांची नावं घेऊन त्यांच्या श्रमांची आठवण काढतो. डिप्लोमा करताना ती यादी मी परीक्षेपुरती पाठ केली होती. परवा पुन्हा वाचली, तर त्यातही एक बाई नुसती 'रूफाची आई' आहे.

आजीचं नाव मी इथे घेत नाही. ते आणि तिच्या आईचं नाव वहीत लिहून ठेव, पण छापू नको, असं तिने सांगितलंय. सुनेला लाज वाटते म्हणे.

अशा तीन वह्या झाल्या आहेत. फॉर्मही बदलला, 'व्यवसाय'ऐवजी आता 'काल दिवसभर काय काय केलं' असं विचारतो. कुणाला यायचं असेल तर आवणी उरकल्यावर, भातकापणीच्या आत या. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. मुक्कामाच्या तयारीने या, आणि पहिल्या दिवशी मोबाइल पिशवीतच ठेवा.