झाडीपट्टीतले बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

झाडीपट्टी हे नाव तुम्हांला सरकारी नकाशात सापडणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल यांचा जो पट्टा आहे, त्याला तिथले लोक हे नाव देतात. आमचे बिऱ्हाड २०१७ च्या जूनमध्ये साताऱ्याहून या पट्ट्यात, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव येथे आले. यजमानांची बदली झाली होती. बरोबर पाचवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि माझे सासरे. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो.

नातेवाइकांचा सल्ला एकच होता : यजमानांनी एकट्याने जावे, तीन वर्षे काढावीत आणि परत यावे. अण्णांचे वय तेव्हा बहात्तर. सासूबाईंना जाऊन सहा महिने झालेले. अण्णा दिवसचे दिवस बोलत नसत. ताट समोर ठेवले तर जेवायचे, नाही ठेवले तर मागायचे नाहीत. अशा माणसाला महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचे का, हा प्रश्न घरात महिनाभर चालला. शेवटी अण्णाच म्हणाले, "चला." इथे काय आणि तिथे काय, असा त्या शब्दाचा अर्थ होता, हे आम्हांला कळत होते.

पहिले वर्ष स्वयंपाकघरात अवघड गेले. आम्ही दोन्ही वेळ भाकरी खाणारी माणसे, आणि इथे भात हेच जेवण. ज्वारी मागितली की दुकानदार आधी "घरी कोणी बिमार आहे का जी?" असे विचारी. पुढे पावसाळा आला आणि समोरच्या बांध्यांत रोवणा सुरू झाला. धानाची रोपे म्हणजे पऱ्हे. ते उपटून, पेंढ्या बांधून, चिखलात उभ्या बायका ओळीने लावत जातात. आठ-आठ तास कमरेत वाकून. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका त्या दिवसांत पहाटे स्वयंपाक उरकून निघत. मी त्यांच्यापुढे माझ्या ज्वारीची तक्रार करणे सोडून दिले.

अण्णांनी साताऱ्यात छत्तीस वर्षे मराठी शिकवले. 'पाणी' लिहिताना 'न' काढणाऱ्या मुलाची वही त्यांच्या लाल शाईने रंगलेली असायची. आणि आता त्यांचा नातूच शाळेतून येऊन 'पानी' मागू लागला. दोन महिन्यांनी 'डोळा' गेला आणि 'डोरा' आला. मुलाला आता अण्णांचे बोलणे खावे लागणार, अशी मी वाट पाहत होते. अण्णा ऐकत राहिले. एके दिवशी त्यांनी नातवाची जुनी वही मागून घेतली आणि तीत लिहिले : 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. खाली उदाहरणे. वऱ्हाडात याच 'ळ'चा 'य' होतो, हे त्यांना ठाऊक होते. इथला 'र' त्यांना नवा होता. जे बदलते ते नियमाने बदलते, तेव्हा ती चूक नव्हे, बोली आहे, असे त्यांनी मला जेवताना समजावून सांगितले. सासूबाई गेल्यानंतर अण्णा एवढे सलग बोललेले मी प्रथमच ऐकले.

तेव्हापासून वहीचा व्याप वाढला. बांधी, बोडी, पुंजणा, तुडुम. बोडी म्हणजे शेताजवळचे लहान तळे. तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडण्याची मोरी. पुंजणा म्हणजे कापलेल्या धानाचा रचलेला ढीग. शब्द सांगायला येणारे लोक ओसरीवर बसू लागले. कोणी म्हातारी भाजी विकायला आली की अण्णा भाजी राहू देत, आधी शब्द घेत. "गुरुजी, हे लिहून का कराल जी?" असे एकीने विचारले. अण्णा म्हणाले, "मला येत नाही म्हणून लिहितो." साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोशच केला आहे, हे त्यांना नंतर कळले. तो त्यांनी मिळवला. आपले काम आधीच झालेले पाहून ते खट्टू होतील असे आम्हांला वाटले, पण त्यांनी कोशात नसलेले आपले शब्द वेगळे काढायला घेतले.

यजमानांची गोष्ट थोडी निराळी. ते साताऱ्यात भजनाला पेटी वाजवत. इथे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री दंडार नाही तर नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. तिथल्या मंडळ्या हिवाळाभर फिरतात, आणि नाटक रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शहरातल्या लोकांनी हे नाटक पाहून नाके मुरडू नयेत, असे मला वाटते. आमच्याकडे दोन अंकांच्या नाटकाला प्रेक्षक गोळा करताना संयोजकांच्या तोंडाला फेस येतो. इथे हजारो माणसे थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर बसतात, तीही पदरचे तिकीट काढून. गावच्या हौशी मंडळाचा पेटीवाला ऐन वेळी आजारी पडला आणि यजमानांना बोलावणे आले. तालीम एकच. बाकी सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. ते सांगतात, प्रॉम्प्टरने कागदावरून मान वर केली की समजायचे, आता पद. पुढची दोन वर्षे दिवाळीत आम्ही साताऱ्याला गेलो नाही, याचे कारण ही पेटी. २०२० मध्ये करोनामुळे मंडई भरल्या नाहीत, त्या वर्षी ते भिंतीकडे तोंड करून एकटेच वाजवत बसत.

मुलीला पक्ष्यांनी धरले. नवेगावबांधचा तलाव आमच्यापासून जवळच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच तलावाकाठी राहिले आणि गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीने त्यांनी इथले पक्षी जाणून घेतले. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. 'आपल्या बाजूचाच माणूस की' असे म्हणून अण्णांनी त्यांची पुस्तके नातीला मोठ्याने वाचून दाखवली. तिने चित्रांची वही केली. प्रत्येक पक्ष्याखाली दोन नावे : एक पुस्तकातले, एक इथल्या ढिवर मुलांनी सांगितलेले. सारस मात्र तिला तलावावर दिसला नाही. तो गोंदियाच्या बाजूला, धानाच्या बांध्यांत सापडला. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ याच जिल्ह्यात उरले आहेत आणि त्यांची संख्या चाळिशीच्या आत आली आहे. बांधीत सारसाचे घरटे असले तर तेवढा भाग न कापता सोडणारे शेतकरी आम्ही पाहिले. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेल्याची बातमी आली तेव्हा मुलगी नागपूरला शिकायला होती. तिने फोनवर फक्त त्या वहीची चौकशी केली.

आता माझे सांगते. मला वाकळ शिवता येते, दुसरे विशेष काही येत नाही. गोठणगावजवळ प्रतापगडला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉरग्येलिंग नावाची. ती १९७२ मध्ये वसली. बर्फातली माणसे जिथे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तिथे आली आणि धान पिकवायला शिकली. हिवाळ्यात त्यांतले बरेच जण शहरांत स्वेटर विकायला जातात. स्वेटरच्या निमित्ताने माझी एका तिबेटी मावशींशी ओळख झाली. त्यांच्या घरी माग होता. गालिचा विणताना ताण्याच्या धाग्यांवर एक सळई आडवी धरतात, तिच्याभोवती लोकरीचे वेढे घेत जातात आणि ओळ पुरी झाली की सुरीने ते वेढे कापून सळई मोकळी करतात. कापलेल्या टोकांचीच मऊ लव तयार होते. मी माझी वाकळ नेली. त्यांनी उलटी करून टाके पाहिले. चांगल्या कामाची परीक्षा उलट्या बाजूने करतात, हे त्यांनाही माहीत होते.

मी त्यांना विचारले, इथे करमायला किती वर्षे लागली? त्या मराठी आणि हिंदी मिसळून म्हणाल्या, "तुम्हांला बदलीचा कागद येतो. आम्हांला कागद येणार नाही. मग माग लावला." त्या लहानपणी इथे आल्या. त्यांची मुले आता परदेशी जायचे म्हणतात.

याच तालुक्यात पूर्व बंगालातून आलेल्यांच्याही वसाहती आहेत. तलाव बांधणारे कोहळीदेखील मूळचे काशीकडचे, अशी त्यांच्यात परंपरेने समजूत आहे. म्हणजे इथे नवे बिऱ्हाड ही काही नवलाची गोष्ट नाही.

आमचा कागद २०२१ मध्ये आला. साताऱ्याजवळच बदली. नातेवाइकांनी फोनवर अभिनंदन केले. अण्णांना त्याआधी एकदा छातीत दुखून गेले होते आणि मध्यरात्री गाडी करून नागपूर गाठावे लागले होते. डॉक्टर, औषधे, वय, सगळे हिशेब साताऱ्याच्या बाजूने होते. यजमानांनी सामान बांधण्याची तारीखही ठरवली. अण्णांनी वही पुढे ठेवली आणि म्हणाले, "हे अर्धे आहे." आणखी काही बोलले नाहीत. नंतर चार दिवस घरात पुन्हा तीच जुनी शांतता होती. ताट ठेवले तर जेवायचे, नाही ठेवले तर मागायचे नाहीत. मी ती शांतता एकदा पाहिली होती. पाचव्या दिवशी मी यजमानांना सांगितले की तुम्ही पुढे व्हा, आम्ही राहतो. त्यांना ते पटले नव्हते. अजूनही पुरते पटले आहे असे म्हणणार नाही. ते महिन्याआड येतात, मंडईच्या दिवसांत मात्र न चुकता रजा काढून. आमच्या साताऱ्याच्या घराला कुलूप आहे, आणि दोन ठिकाणचा खर्च भागवताना ओढाताण होते, तीही खरीच.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सध्या धानाच्या जुन्या जातींची नावे लिहिणे चालू आहे. लुचई, चिन्नोर, हिरानखी अशी काही नावे लोकांच्या तोंडी आहेत. बाकीची वाणे बांध्यांतून केव्हाच गेली, ती फक्त म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत उरली आहेत. अशी बरीच नावे एका आजींना येत होती. रोवणा आटोपला की सांगते, असे त्या म्हणाल्या होत्या. गेल्या श्रावणात त्या वारल्या. अण्णांनी त्यांच्या नावाचे पान कोरे ठेवले आहे आणि आता ते रोवणा संपायची वाट पाहत नाहीत. सकाळी टोपी घालून, नातवाचा खांदा धरून, ते स्वतःच बांधीच्या धुऱ्यावर जाऊन बसतात. बायका चिखलात उभ्या राहून नावे ओरडून सांगतात आणि नातू लिहून घेतो.