नदीच्या उगमाकडची वाट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजनहो, आणि अजूनही एकमेकांना आडनावानेच हाका मारणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचे छंद' यावर बोलायला सांगितलं होतं. माझा छंद एकच, डोंगर चढणं. त्यामुळे छंदांवर न बोलता एका वाटेवर बोलतो. ती वाट आपल्या सगळ्यांची आहे, हे शेवटी पटेल अशी आशा आहे.

नववीची सहल आठवते? एसटीची लाल गाडी, राजूरच्या पुढे लागलेली वळणं, मागच्या बाकावरच्या तिघांच्या उलट्या, मग रंधा धबधबा आणि शेवटी भंडारदऱ्याची भिंत. भूगोलाच्या सरांनी आपल्याला धरणावर रांगेत उभं केलं आणि सांगितलं, की या कामाला १९१० मध्ये सुरुवात झाली, १९२६ मध्ये ते पुरं झालं आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव या धरणाला दिलं. मग जलाशयाच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाले, "तो भोक पडलेला डोंगर दिसतो ना, तो रतनगड. तुम्ही संगमनेरात ज्या प्रवरेत डुंबता, ती तिथून निघते." मी विचारलं, "सर, मग तिथं जाऊ या ना." सर म्हणाले, "परवानगी धरणापर्यंतचीच आहे."

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, पुढे मी त्या परवानगीच्या पलीकडे पुष्कळ वेळा गेलो. त्याचा हा हिशेब.

आपण दहावी झालो ते वर्ष १९८६. त्याच वर्षी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाचा हा मुलूख. एका बाजूला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. दुसऱ्या टोकाला हरिश्चंद्रगड. मध्ये रतनगड, अलंग, मदन, कुलंग, आजोबा. या सगळ्यांच्या कुशीत भंडारदऱ्याचं पाणी पसरलेलं. सरांनी फळ्यावर काढलेला सह्याद्रीचा छेद इथं डोळ्यांनी दिसतो. लाव्हाचे थर एकावर एक बसले. कठीण थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजून उतार आणि माच्या झाल्या. पूर्वेला जमीन हळूहळू उतरत आपल्याकडे येते आणि पश्चिमेला एकदम तुटून कोकणात पडते. घाटघरच्या कड्यावर किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली पाहिलं, की पुस्तकातला तो धडा पुन्हा वाचावा लागत नाही. कोकणकडा तर नागाच्या फणीसारखा आत वळलेला आहे. ढग खाली आणि सूर्य पाठीशी असला, तर तिथं गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. मला ते एकदाच दिसलं.

तरुणपणी मला वाटायचं, या वाटा आमच्यासारख्या गिर्यारोहकांच्या आहेत. तसं नाही. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट, साम्रदहून करोली घाटाने शहापूरच्या बाजूला कोकणात उतरणारी वाट, रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत आणि पुढे पाचनईला जाणारी वाट, या सगळ्या कामाच्या वाटा होत्या. महादेव कोळी आणि ठाकर मंडळींनी बाजाराला जाताना, हिरडा गोळा करताना, गुरं चारताना, लेक सासरी पोचवताना त्या पाडल्या. रस्ते आणि गाड्या आल्या तशा काही वाटा ओस पडल्या. कारवीचं रान दोन-तीन पावसाळ्यांत वाट गिळून टाकतं. मग ती कुठून जात होती हे कागदावर सापडत नाही. ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांना माहीत असतं.

हे मला शिकायला एक रात्र लागली.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपद होता. कचेरीतले दोन मित्र आणि मी रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडाकडे निघालो. अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. देवळाबाहेर एक तरुण म्हणाला, "साहेब, रान दाट आहे, खिंडीपर्यंत येतो बरोबर." त्याने जो आकडा सांगितला त्यात मी दोनशे रुपयांची घासाघीस केली. तो नाही म्हणाला, आणि मी मित्रांना ऐटीत म्हटलं, "चला रे, मी आलोय इथं आधी." आलो होतो खरा, पण मार्गशीर्षात, उघड्या आभाळाखाली.

रतनगडाचा फाटा उजवीकडे सोडला, थोडं वर गेलो आणि धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं झाड दिसेना. पायाखाली वाट होती, चांगली मळलेली होती, म्हणून आम्ही चालत राहिलो. तास-दीड तासाने ती झाडीत विरून गेली. ती ढोरवाट होती. गुरं चरायला जातात आणि चरता चरता पांगतात, म्हणून त्यांची वाटही पांगते. मागे फिरलो तर दोन वाटा, त्यातली एक धरली तर ओढ्याचा आवाज. अंधार पडला. एका मित्राचा गुडघा सुजला होता. एका कातळाच्या आडोशाला आम्ही तिघं ओल्या अंगाने पाठीला पाठ लावून रात्रभर बसलो. घरी फोन लागत नव्हता. बायकोला मी 'संध्याकाळी गावात पोचून फोन करतो' असं सांगितलं होतं. त्या रात्री मला कड्याची भीती वाटली नाही. दोनशे रुपयांची लाज वाटत होती.

सकाळी घुंगरांचा आवाज आला. गुरांमागे डोक्यावर इरलं घेतलेले एक बाबा. त्यांनी काही विचारलं नाही. मित्राच्या हातात स्वतःची काठी दिली आणि पुढे चालू लागले. अर्ध्या तासात आम्ही मूळच्या वाटेवर होतो. खिंड आम्ही ओलांडलीच नव्हती, एकाच रानात गोल फिरत होतो. कारवीच्या कुडाच्या घरात कोरा चहा आणि नागलीची भाकरी पुढ्यात आली. तेव्हा बाबांनी विचारलं, "कुठलं म्हनायचं तुम्ही?"

"संगमनेरचे."

"म्हंजी आमच्याच पान्यावरचं." मग हसत म्हणाले, "पाऊस आमच्याकं पडतो, पानी तुमच्याकं जातं. उन्हाळ्यात आमच्या बाया झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत्यात."

यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

आकडे आपण सगळे जाणतो. घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. सरळ रेषेत जेमतेम साठ किलोमीटरवर आपल्याकडे साडेचारशेच्या आसपास. आपल्या ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात ते त्याच पाण्याचे. आपल्यातल्या निम्म्या जणांची फी त्या कालव्यावरच्या उसातून भरली गेली. माझीही. आणि वर, जिथं हे पाणी पडतं, तिथला कातळ ते धरून ठेवत नाही. चैत्र-वैशाखात तिथल्या वाड्यांवर हंडे फिरतात.

तेव्हापासून मी वाटाड्याशिवाय त्या रानात गेलो नाही आणि पैशांची घासाघीस केली नाही. हे दानधर्म म्हणून सांगत नाही. जो माणूस वाट दाखवायला जातो त्याच्यामुळे ती वाट मळलेली राहते, आणि त्याच्या मुलाला ती कळते. आपण गटागटाने नुसतं मोबाइलवरच्या रेषेमागे चालत गेलो, तर आपल्यामागे उरतात प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि रुंद झालेली, पावसात वाहून जाणारी माती. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेरीस, त्या जलाशयाभोवती गाड्यांच्या दिव्यांची जी रांग लागते ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. काजवा अंधारात जोडीदार शोधतो, आणि आपण त्याला बघायला प्रकाश घेऊन जातो.

आता माझी मागणी. पुढच्या मेळाव्यासाठी रिसॉर्टचा प्रस्ताव आहे असं कानावर आलं. त्याऐवजी मार्गशीर्षात रतनवाडीला जाऊ या. तीन गट करू. पहिला गट गुरुजनांचा आणि गुडघेवाल्यांचा. गाडी देवळापर्यंत जाते. प्रवरेच्या काठी अमृतेश्वर पाहायचा, पुष्करणीपाशी बसायचं, उन्हात गप्पा मारायच्या. दुसरा गट रतनगडाच्या शिड्या चढून नेढ्यापर्यंत जाईल. सरांनी बोट दाखवलं होतं त्या भोकात बसून आपण धरणाकडे बोट दाखवू. तिसरा गट, रक्तदाब आणि साखर डॉक्टरांकडून तपासून, कात्राबाईची खिंड ओलांडेल. प्रत्येक चालणाऱ्या गटाबरोबर गावचा वाटाड्या, जेवण गावातल्या घरी, सांगतील ती रक्कम द्यायची, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत संगमनेरला परत आणायचा. कुणी सांधण दरीचा हट्ट धरला, तर पाणी ओसरल्यावर आणि गावकरी हो म्हणतील तेव्हाच.

त्या बाबांची काठी अजून माझ्या घरी आहे. मित्र गाडीपर्यंत ती टेकत आला आणि परत द्यायची राहून गेली. पुढच्या वर्षी मी ती घेऊन गेलो तेव्हा ते नव्हते. सुनेने काठी घेतली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुम्ही येता ना रानात." रतनवाडीला ती बरोबर आणीन. पहिल्या रांगेतून कुणाला उठून देवळापर्यंत चालायचं असेल, तर आधाराला होईल.

सर, या वेळी परवानगी उगमापर्यंतची द्या.