सुई घेण्याआधी चार प्रश्न

खुरपणी, कापणी, डोक्यावरचा हंडा आणि दिवसभर उकिडवं बसणं. चाळिशी ओलांडली की गुडघे दुखायला लागतात. मग बाजाराच्या दिवशी दवाखाना गाठायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, एक सुई द्या, उद्या कामावर जायचंय." एक दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून आपण हे करतो, त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण त्या सुईत कोणतं औषध होतं, हे आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल?

म्हणून आज आम्ही चार प्रश्न सांगणार आहोत. गटाच्या बैठकीत ते पाठ करून टाका.

पहिला प्रश्न: औषधाचं नाव काय? नाव कागदावर लिहून घ्या. कमरेत देतात ती सुई बहुधा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाची असते. तेच औषध गोळीतूनही मिळतं. सुई असो की गोळी, ते वारंवार घेतलं तर पोटात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. काही सुयांमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने चटकन बरं वाटतं, पण ते सारखं घेत राहिलं तर साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. बऱ्याच दिवसांपासून स्टेरॉइड घेत असाल, तर मात्र मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवाला धोका होऊ शकतो. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करायचं.

दुसरा प्रश्न: आराम किती दिवस पडेल? झिजलेल्या गुडघ्याच्या आत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर काही आठवडे, फार तर काही महिने बरं वाटतं. झीज भरून येत नाही. एकाच गुडघ्यात दोन सुयांमध्ये साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. वंगणाची म्हणून देतात ती सुई महाग असते आणि तिचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. कर्ज काढण्याआधी किंवा दागिना गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.

तिसरा प्रश्न: माझ्या बाकीच्या आजारांत ही चालेल का? मधुमेह, रक्तदाब, पोटातला व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी, पोटुशी असणं, हे सगळं आपणहून सांगायचं. मधुमेह असेल तर गुडघ्यातल्या सुईनंतरही काही दिवस साखर चढते, तेव्हा ती तपासून घ्या. सुईनंतर गुडघा लाल, गरम झाला, सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

चौथा प्रश्न: सुई नाही घेतली तर दुसरं काय करता येईल? पुष्कळ करता येतं. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. चूल ओट्यावर घ्या, भाजी निवडायला पाटाऐवजी स्टूल घ्या.

कुणी म्हणेल, डॉक्टरांना प्रश्न विचारले तर ते रागावतील. पण उपचाराची माहिती मिळणं आणि आपली संमती घेतली जाणं हा आपला हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. एकटीला धीर होत नसेल, तर गटातल्या एकीला किंवा आशाताईंना सोबत न्या.

सुई घ्यायची की नाही, हे आम्ही ठरवणार नाही. कधी ती खरंच गरजेची असते. पण दुखणारा गुडघा तुमचा आहे, पैसे तुमचे आहेत. म्हणून विचारून, समजून घ्या आणि मगच हो म्हणा.