श्वासाचे मोजमाप आणि जगण्याचे मोजमाप
(अनगोळ येथील नागरिक व शिक्षक यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



छातीच्या जुनाट विकाराने पीडित माणसास प्रकृती विचारली, तर या भागात बहुधा एकच उत्तर मिळते, "बरं हाय." अनगोळलगतच्या उद्यमबागेतील ओतकाम कारखान्यांत वाळूच्या धुळीत राबलेला कामगार असो, निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणारी स्त्री असो, किंवा विडीला कधी हातही न लावता आयुष्यभर चुलीचा धूर गिळलेली गृहिणी असो, धाप लागू लागली की माणूस कामच कमी करतो. डोंगरावरचे देवदर्शन सुटते, मग बाजार सुटतो, पुढे शेजारी बसायला जाणेही सुटते. धाप लागावी असे काही उरतच नाही. म्हणून तक्रारही उरत नाही. "वय झाले," असे म्हणून घरची मंडळी गप्प बसतात.

फुफ्फुसांतील हवा मोजणारे स्पायरोमीटर हे यंत्र इंग्लंडमधील डॉ. जॉन हचिन्सन यांनी 1846 साली जगापुढे मांडले. रोगनिदानासाठी ते आजही अपरिहार्य होय. तथापि यंत्रावर सारखाच आकडा येणाऱ्या दोघांपैकी एक शेतावर जातो, तर दुसरा अंगात सदरा घालताना थांबतो, असे दिसून येते. हा फरक यंत्र सांगू शकत नाही; तो रुग्णासच विचारावा लागतो.

या विचारण्याला शिस्त लावण्याचे कार्य गेल्या काही दशकांत झाले. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी पन्नास प्रश्नांची प्रश्नावली 1992 साली प्रसिद्ध झाली. तीत लक्षणे, हालचाल आणि मनावर व संसारावर होणारा परिणाम यांची 0 ते 100 गुणांत नोंद होते. गुण जितके अधिक, तितके जगणे अवघड. 2009 मध्ये आलेली 'कॅट' ही आठ प्रश्नांची चाचणी मात्र काही मिनिटांत संपते. खोकला, बेडका, छातीतील जखडलेपण, चढावरची धाप, घरकाम, घराबाहेर पडण्याचा धीर, झोप व उत्साह, प्रत्येकास 0 ते 5 गुण, एकूण 40.

येथे एक अडचण ध्यानी घेणे अगत्याचे आहे. जिन्याचा प्रश्न कौलारू, एकमजली घरात राहणाऱ्या आजीबाईंना विचारून काय साधणार? त्यांना पाण्याची घागर, धुण्याचा पिळा, भाकरीचे पीठ मळणे यांविषयी विचारले पाहिजे. अर्थात मान्य प्रश्नावलीतील शब्द ज्याने त्याने मनास येईल तसे बदलले, तर गुणांची तुलनाच होणार नाही. बदल हवा, पण तो तपासून घेतलेला हवा. सुनेने सासूच्या वतीने दिलेली उत्तरेही चालत नाहीत. धाप जिची, उत्तर तिचे.

हा सारा खटाटोप कशासाठी? श्वसनाचे व चालण्याचे व्यायाम काही आठवडे नियमाने केल्यावर पुष्कळदा स्पायरोमीटरचा आकडा हलत नाही, परंतु रुग्ण अधिक चालू लागतो. केवळ यंत्राकडे पाहणारा हा उपचार व्यर्थ ठरवून बंद करील. कॅटचे गुण दोनांनी जरी उतरले, तरी तो फरक रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण समजतात. यास्तव पहिल्या भेटीचे गुण रुग्णाच्या कार्डावर तारखेसह लिहावेत, आणि दोन-तीन महिन्यांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारावेत.