गावाचा नकाशा आणि आपलं गप्प बसणं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे सध्या बस स्टँडवरही भेटतात. मला आपल्या गावाबद्दल बोलू द्या. टिळक चौकात चहा पिताना आपण ज्या विषयावर रोज बोलतो, पण ज्याचा कागद आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेला असतो, त्या विषयावर. घराचा नकाशा पास होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि तो पाळला नाही तर पुढे काय होतं?

मी काही वकील नाही, आर्किटेक्टही नाही. पण नोकरीत काही वर्षं मी बांधकाम परवानगीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. संगणकाला "बघू", "करून टाकू", "आपलाच माणूस आहे" हे कळत नाही. त्याला प्रत्येक नियम "असं असेल तर असं" या भाषेत सांगावा लागतो. त्या निमित्ताने मला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ हा कायदा ओळीओळीने वाचावा लागला. आज जे सांगते आहे ते त्या वाचनातलं आहे.

पहिला गैरसमज परवानगी कोण देतं याचा. गावात कोणालाही विचारा, उत्तर येतं, "नगरसेवकाले भेटा." पण एकेका घराच्या नकाशावर सभागृहात मतदान होत नाही. अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे जातो. आपल्यासारख्या गावात ते प्राधिकरण म्हणजे नगरपरिषद, आणि सही मुख्याधिकाऱ्यांची. त्याआधी रचना सहायक आणि अभियंते छाननी करतात. जागेची मालकी कोणाची? मंजूर विकास योजनेत, म्हणजे डीपीमध्ये, ती जागा निवासी आहे की तिच्यावर आरक्षण आहे? समोरचा रस्ता किती मीटरचा? चारही बाजूंनी मार्जिन किती सोडलं? चटई क्षेत्र किती भरतं? नदीकाठी असेल तर पूररेषेचं काय? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ज्यांनी निर्गुडेचं पावसाळ्यातलं पाणी पाहिलं आहे त्यांना या रेषा कशासाठी आहेत हे वेगळं सांगायला नको.

नगरसेवकाचं काम यात वेगळं आहे. डीपी तयार होतो तेव्हा सभागृहाला बोलायचा अधिकार असतो. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ४४ नुसार नगरसेवकाने स्वतः, पत्नीने किंवा पतीने, किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसाने अनधिकृत बांधकाम केलं, तर त्याचं पद जाऊ शकतं.

दुसरा गैरसमज असा की हे सगळं सामान्य माणसाला छळायला केलेलं आहे. पूर्वी कटकट होती, हे खरं. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधणाऱ्या शिक्षकालाही मोठ्या बिल्डरएवढ्याच चकरा माराव्या लागायच्या. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर एकच एकत्रित नियमावली आली, तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला मोठी सवलत आहे. नकाशा, कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पावती दिली की काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी परवानाधारक तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी आहे. नियम मात्र तेच लागू राहतात. छोट्या घरासाठी दार बरंच रुंद झालं आहे. तरी आपण अजून "काय होते बाप्पा, सगळेच बांधतात" या वाक्यावरच अडलेलो आहोत.

आता मुख्य मुद्दा. सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट असते, तिला आम्ही टाइमआउट म्हणतो. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर काय धरायचं, हे आधीच लिहून ठेवतात. हा कायदा वाचताना मला त्यात अशी तीन घड्याळं सापडली.

पहिलं घड्याळ ६० दिवसांचं. परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. हे अर्जदाराच्या बाजूचं आहे. मात्र बांधकाम डीपी आणि नियमावलीत बसत असेल तरच. ६० दिवस उलटले म्हणून नाल्यावर घर बांधता येत नाही.

दुसरं घड्याळ ३० दिवसांचं. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते, योजना शासनाकडे मंजुरीला जाते आणि साधारण वीस वर्षं गाव त्या नकाशावर चालतं. वीस वर्षांच्या गावाबद्दल बोलायला तीस दिवस! नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. आपण त्या पानावर भजी ठेवतो.

तिसरं घड्याळ सगळ्यात लांब आहे, म्हणून ते कोणाला ऐकूच येत नाही. डीपीत एखादी जागा मैदान, बाग किंवा शाळा म्हणून आरक्षित असते. डीपी लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली गेली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. मालकावरही अन्याय नको, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? ते बरोबरच आहे. पण आपल्या पोरांचं मैदान मोर्चा न निघता, भांडण न होता, नुसत्या तारखा उलटल्यामुळे कागदावरून नाहीसं होऊ शकतं.

तिन्ही घड्याळांचं तात्पर्य एकच. या विषयात गप्प बसणं हाही निर्णय असतो, आणि तो नोंदला जातो.

अंमलबजावणीचंही तसंच आहे. परवानगीचा कागद मिळाला की आपल्याला वाटतं, झालं. खरं तर तिथून सुरुवात होते. प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, मुदतवाढ घेत जास्तीत जास्त चार वर्षं. काम जोत्यापर्यंत, म्हणजे प्लिंथपर्यंत आलं की कळवायचं आणि तपासणी करून घ्यायची. घर पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं. आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात भोगवटा प्रमाणपत्र आहे? हात वर करायला सांगत नाही, मेळावा आनंदाचा आहे!

नियमाबाहेर काम चाललं असेल तर कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस देता येते आणि कलम ५३ खाली पाडण्याची. बांधणारा नियमितीकरणाचा अर्ज करू शकतो, आणि त्यावर निर्णय होईपर्यंत पाडापाडी थांबते. कलम ५२ मध्ये शिक्षा आहे, एक महिना ते तीन वर्षं कैद. दंड मात्र दोन ते पाच हजार रुपये. एका मजल्याला किती सळाख लागते आणि तिचा भाव काय, हे आपल्या ठेकेदार मित्रांना विचारा. पाच हजारांच्या दंडाला कोण भिणार?

म्हणून वेळ महत्त्वाची. जोत्याला थांबवलं तर गिट्टी-सिमेंटचं नुकसान होतं. स्लॅब पडल्यावर थांबवलं तर लाखांचं. आणि लोक राहायला आले की प्रश्न माणसांचा होतो. मग कोणाचाही हात धजत नाही, आणि ते चूक आहे असंही मला म्हणवत नाही. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही. रस्ता, फूटपाथ, नदी यांवरचं अतिक्रमण त्याला अपवाद. लगेच पुढच्या महिन्यात, १७ डिसेंबरला, मेरठच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावा, आणि पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय वीज-पाणी देऊ नका. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. बुलडोझर घाईने नको, आणि डोळेझाकही नको.

डोळेझाकीची किंमत काय असते ते महाडने पाहिलं. महाड हे आपल्यासारखंच नगरपरिषदेचं गाव. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसं गेली. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेशी संबंधित अधिकाऱ्यांचीही नावं होती. नकाशा, तपासणी, दाखला हे शब्द कोरडे वाटतात. पण लोक त्या शब्दांवर विश्वास ठेवून घरात झोपतात.

आता एक घरची गोष्ट. माझी मावशी विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी राहते. तिच्या ले-आउटमध्ये ओपन स्पेस आहे. एक दिवस तिथे चुन्याची फक्की पडली आणि पाया खोदायला सुरुवात झाली. विचारलं तर बांधणारे गृहस्थ म्हणाले, "जागा माझ्याच नावावर आहे." मावशी निवृत्त शिक्षिका. ती भांडली नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, कायद्याने ठरलेल्या ३० दिवसांच्या आत मंजूर ले-आउटची प्रत मिळवली. त्यावर ती जागा स्पष्ट "खुली जागा" म्हणून दाखवलेली होती. तोवर जोता बांधून झाला होता. तिने नकाशाची प्रत जोडून अर्ज दिला, पोच घेतली, सोबत अकरा शेजाऱ्यांच्या सह्या. काम थांबवण्याची नोटीस निघाली. नियमितीकरणाचा अर्ज आला तो नामंजूर झाला. आज तिथे तो जोता तसाच आहे. पोरं त्यावर बसून क्रिकेटचा स्कोअर लिहितात. पूर्ण विजय नाही. पण तिसरा मजला नाही, हेही थोडं नाही. महिनाभर उशीर झाला असता तर स्लॅब पडला असता, आणि मावशी गल्लीत वाईट ठरली असती.

कामानिमित्त मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये होते. भाड्याच्या घरात राहायला जाऊन महिना झाला असेल, तोच स्थानिक कौन्सिलचं पत्र आलं. शेजारी मागच्या बाजूला एक खोली वाढवतो आहे, तुमचं काही म्हणणं असेल तर २१ दिवसांत कळवा. मी भाडेकरू, त्यात परदेशी, तरी मला विचारलं. तिथे मोठे किंवा वादाचे अर्ज निवडून आलेल्या सदस्यांच्या समितीपुढे, लोकांसमोर, चर्चेला येतात. त्या पद्धतीतही त्रास आहेत, घरं बांधायला वेळ लागतो म्हणून तिथलेही लोक चिडतात. पण शेजाऱ्याला बांधकामाआधी कळतं. आपल्याकडे शेजाऱ्याला भिंत उठल्यावर कळतं. मग बोलावं तर वैर, न बोलावं तर अंधार.

"पुढे कधीतरी नियमित होतेच" असंही आपल्याकडे म्हणतात. त्यालाही आधार आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीला संधी होती. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन गुंठाभर जागा घेतली त्यांना दिलासा मिळाला, आणि तो मिळायला हवाच होता. पण तारीख वीस वर्षांनी सरकते, तेव्हा नियम पाळणाऱ्याला वाटतं की मीच वेडा. गरिबाला परवानगी आधी सोपी करून द्यावी, नंतर माफी देत बसू नये. छोट्या प्लॉटच्या सवलतीचा खरा अर्थ तोच आहे.

मित्रांनो, आपल्या बॅचमध्ये कोण नाही? वकील आहेत, आर्किटेक्ट आहेत, ठेकेदार आहेत, पत्रकार आहेत, कोळसा खाणीतले अभियंते आहेत, प्लॉटचा धंदा करणारेही आहेत. तुम्हाला तीन गोष्टी मागते.

एक, घर घेताना सातबारा आणि रजिस्ट्री पाहता तसा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्रही मागा. आपणच मागितलं नाही तर बांधणारा कशाला काढेल?

दोन, प्रारूप डीपी प्रसिद्ध होईल तेव्हा त्या तीस दिवसांत एक रविवार काढा. पुण्या-नागपुरात असाल तरी अर्ज पाठवता येतो. लिहिताना सर्व्हे नंबर घाला, मुद्देसूद लिहा, पोच जपून ठेवा. "गावाचा विकास व्हावा" असल्या अर्जावर कोणालाच काही करता येत नाही.

तीन, आणि ही मागणी शाळेसाठी. आज मांडव पडलाय ती जागा, ही इमारत आणि भोवतालचे रस्ते मंजूर विकास योजनेत कसे दाखवले आहेत? त्या भागनकाशाची प्रमाणित प्रत शाळेच्या कपाटात आपल्या निकालपत्रकांशेजारी असावी. माजी विद्यार्थी संघाने ती याच वर्षी काढून द्यावी. खर्च माझ्याकडे. अर्ज लिहायला वर्गातला कोणताही वकील चालेल, फक्त अक्षर चांगलं असलेला निवडा!

आपण घंटा लावलेल्या काळातले विद्यार्थी. तास संपला की टोल पडायचा, आणि बाहेर पळायचो. या तीन घड्याळांना टोल नाही. ती कोणीतरी मोजत राहावी लागतात. गावात राहणाऱ्यांनी आणि बाहेर गेलेल्यांनी मिळून ती मोजावीत, एवढीच विनंती करते आणि थांबते.