वाड्यातली उभी बाग

(उत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा सारांश)



"बागेवर बोला," असे कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, काशीच्या गल्लीत बाग कुठली?" मग विचार केला, आहे की! फक्त ती आडवी नाही, उभी आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडच्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे सांगायला नको. खाली चौक, मध्ये सज्जा, वर गच्ची. तीन मजले म्हणजे तीन वेगळी हवामाने!

आपल्या लोकांना ही कल्पना नवी नाही. गोव्यातले कुळागर आठवा. उंच सुपारी, तिच्यावर चढलेली मिरी, खाली केळ, तिच्या सावलीत अननस. झऱ्याचे पाणी पाटाने उतारावरून एकेका वाफ्यात उतरते. ज्याला जेवढे ऊन लागते त्याला तेवढ्या उंचीवर जागा, आणि पाणी वरून खाली. आपल्या वाड्यालाही हेच दोन नियम लागू पडतात.

चौकात ऊन जेमतेम तासभर येते. तिथे गुलाब लावला तर तो रुसणारच. तिथे मोरीजवळ अळू लावा, गौरीच्या दिवसांत वड्यांना पाने घरचीच. घाटाकडचा सज्जा पूर्वेचा, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन हमखास. तिथे तुळस, मरवा, जाई छान होतात. गच्चीवर मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, लू वाहते. तिथे शमी, डाळिंब, कण्हेर, रुई अशी कणखर झाडेच टिकतात. कण्हेर आणि रुई यांच्या वाटेला माकडेही सहसा जात नाहीत. मात्र दोन्ही विषारी, तेव्हा लहान मुलांना जपा. गणपतीच्या २१ पत्रींपैकी निम्म्याहून थोड्याच कमी आमच्या घरात अशा वेगवेगळ्या मजल्यांवर मिळतात.

आता माझी चूक सांगतो. हौसेने गच्चीच्या मधोमध मातीचा वाफा केला. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीचे छत ओले झाले. तेव्हा हिशेब केला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभरही खोल नसलेल्या, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या वाफ्यातली भिजलेली माती सुमारे अडीचशे किलो भरते. म्हणजे चार माणसे रात्रंदिवस छतावर उभी! शिंदे घाटाशेजारचे कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आपण येता-जाता पाहतो. बायजाबाई शिंदे यांनी १९व्या शतकात बांधलेला तो घाट स्वतःच्याच भाराने खचला असे सांगतात. एवढा दगडी घाट खचतो, तिथे आपल्या जुन्या छताची काय कथा? तेव्हा कुंड्या भिंतीच्या कडेने ठेवा, मातीत निम्मे शेणखत आणि कोकोपीट मिसळा, कुंडीखाली विटा देऊन पाणी वाहू द्या. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला तर तो पवित्र म्हणून ठेवू नका. चार पानांचा असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जमिनीत लावा. पिंपळही वाचेल, वाडाही.

शेवटची गोष्ट आमच्या आत्याची. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे थकलेले. गणपतीच्या दूर्वा ती वर्षानुवर्षे गच्चीवरून स्वतः खुडून आणी. गेल्या वर्षी तिला जिना चढवेना. आम्ही म्हटले, "आत्या, आम्ही आणून देतो." ती काही बोलली नाही, पण जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, मला वर नेऊ नका. दूर्वाच खाली आणा की!"

आम्ही पसरट परातीएवढ्या दोन कुंड्या सज्जाच्या कठड्याशी, तिच्या कमरेच्या उंचीवर बसवल्या. सकाळचे ऊन मिळते, दूर्वांना तेवढे पुरले. यंदाची २१ दूर्वांची जुडी तिने स्वतःच्या हाताने बांधली.

तेव्हा मंडळी, कुठले झाड कुठल्या मजल्यावर, हे ऊन-पाणी बघून ठरवाच. पण घरातले वडीलधारे माणूस कुठल्या पायरीपर्यंत चढू शकते, तेही बघा. बाग त्या पायरीच्या खाली उतरली पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!